साइडिंग नवीन, ओल मात्र जुनीच: खिडकीखालची भिंत पुन्हा पुन्हा का भिजते?

तक्रार साधारण अशी असते. घर न्यू जर्सीतलं, १९५० ते १९७५ च्या दरम्यान बांधलेलं, केप कॉड (उतरत्या छपराचं दीडमजली) नाहीतर स्प्लिट लेव्हल (अर्ध्या-अर्ध्या मजल्याच्या टप्प्यांचं). खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला फुगा येतो, मग पोपडे निघतात. कोणीतरी येऊन बाहेरून कॉक (फटी बुजवायचं लुकण) मारून जातो. काही महिने बरे जातात आणि पुढच्या नॉरईस्टरला (ईशान्येकडून येणाऱ्या वादळाला) डाग पुन्हा हजर. शेवटी वैतागून माणूस अख्ख्या घराचं साइडिंग, म्हणजे भिंतीवर बाहेरून चढवलेलं पट्ट्यांचं आवरण, बदलतो. घर देखणं दिसायला लागतं, शेजारी विचारतात कोणाकडून केलंत, आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्याच खिडकीखाली, त्याच कोपऱ्यात, तसाच फुगा. वरून कीर्तन, आतून तमाशा.

एडिसन, पिस्कॅटवे, पर्सिपनी या भागात आपली बरीच मंडळी अशाच जुन्या घरांत राहतात. दर वादळानंतर कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. साइडिंग बदलूच नका असं माझं म्हणणं नाही. पत्रे पिचले असतील, रंग उडाला असेल, तर जरूर बदला. पण ओल थांबावी म्हणून नुसतं साइडिंग बदलणार असाल, तर आधी खालचं वाचा आणि मग चेकवर सही करा.

पाणी अडवतं कोण?

व्हिनाइल (प्लास्टिकचं) साइडिंग जलरोधक नसतं आणि ते तसं असावं अशी बनवणाऱ्यांचीही अपेक्षा नसते. एखादी पट्टी हातात घेऊन उलटी करून पाहा. खालच्या कडेला ठरावीक अंतरावर बारीक भोकं दिसतील. मागे शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. म्हणजे पाणी आत जाणार हे गृहीतच धरलंय. पाऊस सरळ पडला तर थोडं, वाऱ्याने आडवा मारला तर भरपूर.

कोकणात पावसाळ्याआधी पश्चिमेच्या पडवीला झापं बांधतात. झडीचा मारा झापं अंगावर घेतात, पण आतली भिंतच धड नसेल तर झापं तरी काय करणार? साइडिंगचं काम तेवढंच: ऊन आणि पावसाचा पहिला फटका खायचा.

पाणी खरं अडवतो तो साइडिंगमागचा थर. जुन्या घरात डांबरी कागद, ज्याला इकडे फेल्ट म्हणतात. नव्या घरात टायव्हेकसारखं हाउसरॅप. आणि जिथे जिथे या थरात खंड पडतो, म्हणजे खिडक्या, दारं, खालच्या छपराचा सांधा, डेक भिंतीला टेकतो ती जागा, तिथे पत्रा किंवा चिकट पट्टी लागते, म्हणजेच फ्लॅशिंग. नियम एकच आहे: वरचा थर नेहमी खालच्या थराच्या अंगावर आला पाहिजे. खाली उतरणारं पाणी कुठेही थराच्या मागे जाता कामा नये. आढ्याचं पाणी वळचणीलाच यायला हवं. मधेच भिंतीत मुक्कामाला थांबलं की बोंब.

यावर हमखास येणारा प्रश्न: "मग इतकी वर्षं काही झालं नाही ते?" झालं असणार, दिसलं नाही इतकंच. त्या काळच्या भिंतीत इन्सुलेशन जेमतेम असायचं किंवा नसायचंच. घरातली ऊब भिंतीतून बाहेर झिरपायची आणि भिंत वाळायची. हीटिंगचं बिल मोठं यायचं, पण लाकूड कोरडं राहायचं. पुढे कोणीतरी भिंतीत सेल्युलोज (कागदाच्या चुऱ्याचं इन्सुलेशन) फुंकून भरलं, घट्ट खिडक्या बसवल्या, बाहेरून फोमचा पातळ थर लावला. सगळं योग्यच, पण भिजलेली भिंत आता पूर्वीच्या वेगाने वाळत नाही. गळती तेवढीच राहिली आणि वाळणं कमी झालं, की लाकूड कुजायला लागतं. त्यामुळे "आधीचे मालक म्हणाले कधी गळलं नाही" हे वाक्य खरं असलं तरी तुमच्या कामाचं नाही.

तुमच्या भिंतीत नेमकं काय काय आहे

या वयाच्या घरांवर थरावर थर चढलेले असतात. सर्वांत आत मूळचं लाकडी क्लॅपबोर्ड (एकावर एक चढवलेल्या आडव्या फळ्या) नाहीतर ॲस्बेस्टॉस सिमेंटची शिंगल (पातळ, कौलासारखे तुकडे). त्यावर साठ-सत्तरच्या दशकातलं ॲल्युमिनियम, हात लावला की बोटाला पांढरी भुकटी लागते ते. काही ठिकाणी त्यावर, काही ठिकाणी ते काढून, घडीचा फोम आणि व्हिनाइल. दर वेळी नवा कंत्राटदार आला, त्याने जुनं झाकलं आणि पैसे घेऊन गेला. आतला कागद कोणत्या अवस्थेत आहे, हे गेल्या दोन पिढ्यांत कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

खिडक्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त भानगड इथेच आहे. मूळच्या लाकडी खिडकीची चौकट तशीच ठेवून तिच्या पोटात नवी व्हिनाइलची खिडकी बसवतात. याला इन्सर्ट म्हणतात. काम झटपट होतं, आतल्या भिंती उकराव्या लागत नाहीत. मग बाहेरचं जुनं लाकूड दिसू नये म्हणून त्यावर पांढरा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून मढवतात. मढवलेलं दिसतं छान. पण त्या पत्र्याखाली जुनी चौकट कुजलेली असेल, तर ती आता कोणालाच दिसत नाही. पत्र्याच्या कोपऱ्यातल्या सांध्यातून आणि खिळ्यांच्या भोकांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. कॉक मारणारा माणूस नेमका या पत्र्यावर कॉक मारून जातो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आधी डागाचं वेळापत्रक बघा

हातोडी उचलण्याआधी डाग कधी वाढतो ते टिपून ठेवा. फोनमध्ये फोटो, तारीख आणि वारा कुठल्या बाजूने होता एवढं पुरे. अर्ध्याहून जास्त निदान इथेच होतं.

साध्या, वारा नसलेल्या पावसातही ओल येत असेल तर संशय वरच घ्या: छप्पर, तुंबलेलं गटर, छपराचा आणि भिंतीचा सांधा. फक्त वादळी पावसात, त्यातही ईशान्येकडून वारा असतानाच येत असेल, तर त्या बाजूची खिडकी किंवा भिंतीतलं एखादं भोक. सँडी हे चक्रीवादळ २०१२ च्या ऑक्टोबरात आलं तेव्हा कधी न गळलेल्या भिंतीही गळल्या. तेवढ्या एका वादळावरून घर पाडायला निघू नका. दर नॉरईस्टरला त्याच जागी ओल येते का, ते महत्त्वाचं.

पाऊस नसताना, कडाक्याच्या थंडीनंतर ऊन पडलं की भिंतीच्या वरच्या भागात डाग येतो? ते छपराच्या कडेला साठलेल्या बर्फाचं किंवा ॲटिकमध्ये गोठलेल्या दवाचं पाणी आहे. साइडिंगचा संबंध नाही. आणि जानेवारीत काचांवर घाम येत असेल, कोपऱ्यात काळी बुरशी धरत असेल, तर पाणी बाहेरून येतच नाहीये, घरातलीच वाफ थंड भिंतीवर बसतेय. आपल्या स्वयंपाकघरांचा यात मोठा वाटा. दिवसभर कुकर, भाताची वाफ, आणि वर मायक्रोवेव्हला जोडलेला पंखा, जो कित्येक घरांत हवा बाहेर फेकतच नाही, जाळीतून गाळून पुन्हा तोंडावर सोडतो. तो पंखा बाहेर काढून घ्यायला साइडिंगच्या एक दशांशही खर्च येत नाही.

एक वेगळीच केस सांगतो, कारण ती हमखास चकवते. एप्रिलमध्ये बागेला पाणी घालायला सुरुवात झाली की तळघराच्या भिंतीला ओल. पावसाशी काही मेळ बसत नाही. कारण बाहेरचा नळ. हिवाळ्यात होज (बागेची पाण्याची नळी) लावून ठेवलेली असते, नळीत पाणी गोठतं आणि भिंतीच्या आत पाइप चिरतो. नळ बंद असतो तोवर कोरडं. नळ सोडला की थोडं पाणी होजमधून आणि थोडं भिंतीत. हे तपासायला खर्च शून्य: नळ उघडून होजचं टोक अंगठ्याने दाबा आणि दुसऱ्या कोणालातरी तळघरात उभं करा.

होजची परीक्षा

वेळापत्रकावरून बाजू कळली की जागा हुडकायची. दोन माणसं लागतात, एक बाहेर होज घेऊन आणि एक आत टॉर्च घेऊन. शक्य असेल तर आतला डागाजवळचा ड्रायवॉल (आतल्या भिंतीचा जिप्सम बोर्ड) वहीच्या पानाएवढा कापून ठेवा. तो तसाही खराब झालेलाच असतो, आणि आतलं लाकूड डोळ्यांनी दिसलं तर तासभर वाचतो.

पाणी खालून सुरू करायचं. आधी खिडकीच्या खालचा भाग, दहा-पंधरा मिनिटं. आत काही नाही? मग चौकटीचा खालचा कोपरा, मग दुसरा, मग बाजू, सर्वांत शेवटी खिडकीचं डोकं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच सिद्ध होत नाही. धार मंद, पावसासारखी ठेवा. प्रेशर वॉशर बिलकुल नको. तो खालून वर मारलात तर धडधाकट भिंतीतही पाणी घुसतं. घाईही नको, कारण पाणी शिरल्यापासून आत दिसेपर्यंत वेळ लागतो.

सोबत दोन सुयांचा ओलावा मोजायचा मीटर असेल तर उत्तम. लाकडात १५-१६ टक्क्यांपर्यंत आकडा असेल तर निवांत राहा. २० च्या वर सतत राहत असेल तर तिथे काहीतरी चाललंय. २८-३० च्या पुढे गेलं की कुजवणाऱ्या बुरशीला ते घर आवडलेलं असतं, आणि तिच्यामागोमाग कार्पेंटर (लाकूड पोखरणाऱ्या) मुंग्याही येतात. वसंतात खिडकीच्या चौकटीतून मोठ्या काळ्या मुंग्या निघत असतील तर मुंग्या मारणाऱ्याला बोलावण्याआधी ओल शोधा.

उघडून बघा, अंदाज बांधत बसू नका

व्हिनाइलची चांगली गोष्ट ही की ते न मोडता उघडता येतं. झिप टूल नावाचं एक चपटं, वाकड्या टोकाचं हत्यार मिळतं, स्वस्त असतं. वरच्या पट्टीच्या खालच्या कडेमागे ते टोक सरकवायचं, आतली कड पकडून खाली ओढायची आणि हत्यार आडवं सरकवत न्यायचं. कड सुटत जाते. मग खालच्या पट्टीचे खिळे उघडे पडतात. हे काम थंडीत करू नका. थंड व्हिनाइल ठिसूळ होतं आणि जुनी पट्टी हातात तुकडे होऊन येते. त्या नक्षीची आणि रंगाची पट्टी आता बाजारात मिळेलच असं नाही.

एका मित्राच्या स्प्लिट लेव्हलला आम्ही असंच उघडलं. साइडिंग नवं, खिडकी इन्सर्ट, डाग उजव्या खालच्या कोपऱ्यात. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभं जे-चॅनेल होतं, म्हणजे पट्ट्यांची कापलेली टोकं ज्या खोबणीत लपतात ते. बाजूने येणारं पाणी ही खोबण गोळा करते आणि खाली नेते. नेते कुठे, हा खरा प्रश्न. खालच्या कोपऱ्यात उजव्या बाजूचं चॅनेल सरळ कापून सोडलेलं होतं, खालच्या आडव्या पट्टीला न गाठता. मधे बोटभर फट. त्याखाली फेल्टवर वीतभर रुंदीचा तपकिरी ओघळ, फेल्टला आडवी चीर, आणि चिरेखालचा फायबरबोर्ड काळा पडलेला. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. त्या भागातले खिळे गंजून डोकी गळालेली, पट्टी केवळ खालच्या कडेवर लोंबत होती. हातभर अंतरावर, डाव्या बाजूला, सगळं कोरडं ठणठणीत.

वहिनी शिडीखाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, म्हणजे सगळं घर आम्ही बदललं आणि ही बोटभर फट तशीच राहिली?" फट तशी राहिली नव्हती, आधीच्या फटीच्या जागी नव्या कंत्राटदाराने नवी फट केली होती. त्याने आतला चिरलेला कागदही पाहिला असणार; पट्टी लावताना तो समोरच असतो.

दुरुस्ती: खिडकी

कुजलेलं लाकूड आणि शीदिंग (कागदामागचे बोर्ड) कापून काढा, धड लाकडापर्यंत. इथे चिकटपणा करू नका. इपॉक्सी भरून वरून झाकणं हे बाहेरच्या शोभेच्या लाकडाला ठीक, भिंतीच्या पोटातल्या लाकडाला नाही.

इन्सर्टच्या मागची जुनी चौकटच गेली असेल तर माझा कौल स्पष्ट आहे: अख्खी खिडकी काढून कडेला खिळ्यांची पट्टी असलेली नवी खिडकी बसवा. महाग पडते, पण तिला भिंतीच्या कागदाशी व्यवस्थित जोडता येतं. क्रम असा. सर्वांत आधी उघड्या जागेच्या तळाला पॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूला किंचित उतार असलेला चिकट पट्टीचा किंवा पत्र्याचा थर, दोन्ही कोपऱ्यांत वर चढवलेला. मग खिडकी. मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर चिकट टेप. मग डोक्यावर टेप, बाजूच्या टेपांच्या अंगावर येईल असा. शेवटी हाउसरॅपचा वर दुमडून ठेवलेला भाग खाली सोडून डोक्यावरच्या टेपवर चिकटवायचा. खिडकीच्या खालच्या पट्टीवर टेप लावायचा नाही. पॅनमध्ये चुकून आलेलं पाणी तिथूनच बाहेर पडणार असतं. ती वाट बंद केली की पॅन निरुपयोगी.

चौकट धड असेल आणि दोष फक्त जे-चॅनेलचा असेल तर काम बरंच लहान आहे. बाजूच्या चॅनेलचं टोक वाकवून खालच्या चॅनेलमध्ये उतरवायचं, डोक्यावरच्या चॅनेलची जीभ कापून बाजूच्या चॅनेलमध्ये सोडायची. आणि दोन्ही खालच्या कोपऱ्यांत फ्लॅशिंगचा एक तुकडा असा लावायचा की त्याचं खालचं टोक खालच्या पट्टीच्या खिळ्यांच्या कडेवर, बाहेरच्या बाजूला येईल. चॅनेलने आणलेलं पाणी मग कागदामागे न जाता पट्टीच्या दर्शनी अंगावर पडतं. एवढ्या तुकड्याची किंमत एका कॉफीहून कमी असेल, पण निम्म्या घरांत तो नसतो.

कॉक कुठे लावू नये तेही सांगून टाकतो: पट्ट्यांच्या खालच्या कडेला नको, दोन पट्ट्यांच्या सांध्याला नको, पट्टी जे-चॅनेलमध्ये जाते तिथे नको. त्या फटी पाण्याला बाहेर यायला आणि पट्टीला सरकायला ठेवलेल्या असतात.

दुरुस्ती: छप्पर जिथे भिंतीत संपतं

स्प्लिट लेव्हल घरात हे असतंच. गॅरेजचं किंवा पोर्चचं उतरतं छप्पर उंच भिंतीला टेकून खाली येतं आणि भिंत पुढे चालू राहते. छपराच्या या कडेचं सगळं पाणी भिंतीला खेटून खाली येतं आणि जिथे छप्पर संपतं तिथे थेट साइडिंगमागे घुसतं. तिथे किकआउट नावाचा बाहेर वळवलेला पत्रा लागतो, जो पाण्याला कोपर मारून गटरमध्ये ढकलतो. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेत २००९ च्या आवृत्तीपासून अशा जागी पाणी भिंतीपासून दूर वळवणारं फ्लॅशिंग बंधनकारक आहे, पण तुमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं. जुन्या घरांवर मी किकआउट क्वचितच पाहिलाय.

लक्षण ओळखायला सोपं: गटरच्या टोकापाशी साइडिंगवर काळपट-हिरवा ओघळ, आणि बरोबर त्याखालच्या खोलीच्या कोपऱ्यात, कधी कधी एक मजला खाली, ओल. लोक खालच्या खिडकीला दोष देत बसतात.

किकआउट वरून चिकटवता येत नाही. छपराच्या कडेची शेवटची शिंगल उचलून, भिंतीवरचा कागद सोडवून, पत्रा छपरावरच्या स्टेप फ्लॅशिंगच्या (भिंतीलगत पायऱ्यांसारख्या लावलेल्या पत्र्याच्या तुकड्यांच्या) पहिल्या तुकड्याखाली आणि भिंतीच्या कागदामागे गेला पाहिजे. म्हणून साइडिंग उघडलेलं असताना हे करून घेणं शहाणपणाचं. नंतर परत उघडायला लावाल तर दुप्पट पैसे.

डेकचंही थोडक्यात. डेकची भिंतीला बोल्ट मारलेली फळी साइडिंगच्या वरून ठोकलेली असेल, तर तिच्यामागे पाणी साठतं आणि घराच्या रिम जॉइस्टला (मजल्याच्या कडेच्या तुळईला) कुजवतं. इथे प्रश्न फक्त ओलीचा राहत नाही, डेक माणसांसकट खाली येऊ शकतो. फळीमागचं साइडिंग काढलेलं हवं आणि फळीवर पत्रा हवा. शंका असेल तर पुढच्या बार्बेक्यूआधी तपासा.

बाकी भोकं: विजेच्या मीटरची पेटी, एसीची नळी, ड्रायरचं तोंड, आणि केबल-इंटरनेटवाल्यांनी जिथे जागा दिसेल तिथे ड्रिलने पाडलेली. प्रत्येकाला माउंटिंग ब्लॉक (भोकाभोवती बसवायची चौकट) आणि मागे टेप. इंटरनेटवाला आला की त्याच्याजवळ उभे राहा.

पट्ट्या फुगतात, लाटा येतात, वाऱ्याने सुटतात

हा ओलीपेक्षा वेगळा आजार, पण त्याच वेळी दिसतो म्हणून लोक एकत्र धरतात. व्हिनाइल उन्हाने वाढतं, थंडीने आक्रसतं. साडेबारा फुटांची पट्टी उन्हाळा-हिवाळ्यात अर्धा इंच, कधी त्याहून जास्त लांब-आखूड होते. म्हणून खिळा लांबट भोकाच्या मधोमध हवा आणि पूर्ण ठोकलेला नको. डोकं आणि पट्टी यांच्यात एका डाइमच्या नाण्याइतकी जागा हवी. टोकाला चॅनेलमध्ये पाव इंच मोकळा सोडायचा, थंडीत काम असेल तर जरा जास्त. पट्टी बसवल्यावर हाताने डावी-उजवी सरकली पाहिजे. सरकत नसेल तर पहिल्याच जुलैत लाटा दिसतील. नेल गन हातात असलेला घाईचा माणूस प्रत्येक खिळा गच्च ठोकून जातो, आणि तो गेल्यावर लाटांना नाव दिलं जातं "मालच खराब".

एकाच ठिकाणी, रोज ठरावीक वेळी ऊन येतं त्या भागात पट्टी वितळल्यासारखी वाकडी झाली असेल, तर समोरच्या शेजाऱ्याची खिडकी पाहा. लो-ई (उष्णता परतवणारा थर दिलेल्या) काचेवरून परावर्तित झालेलं ऊन एका जागी एकवटतं आणि व्हिनाइल मऊ पडतं. नवी पट्टी लावूनही तेच होणार. शेजाऱ्याच्या खिडकीला बाहेरून जाळी बसवली तर थांबतं, अर्थात शेजाऱ्याशी संबंध बरे असतील तर.

जुनं काढण्याआधी

घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असणार असं धरून चाला. त्या वर्षी अमेरिकेत घरगुती रंगात शिशावर बंदी आली. बाहेरच्या बाजूला २० चौरस फुटांपेक्षा जास्त रंगवलेला भाग छेडायचा असेल तर कंत्राटदाराकडे ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं) लेड-सेफ प्रमाणपत्र लागतं, हा नियम २०१० पासून आहे. जमिनीवर प्लास्टिक अंथरलं नाही तर रंगाचे कपचे तुमच्या भाजीच्या वाफ्यात जातात. मेथी-कोथिंबीर भिंतीलगत लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

आतली शिंगल करड्या रंगाची, दगडासारखी कडक, खालची कड लाटेरी असेल तर ती ॲस्बेस्टॉस सिमेंट असू शकते. धड असेल तोवर ती निरुपद्रवी पडून राहते; फोडली, कापली, घासली की तंतू हवेत जातात. एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि निघालंच तर ते काम परवानाधारक माणसालाच द्या. या एका कारणासाठी वरून नवं साइडिंग चढवणं मला मान्य आहे, पण तेव्हाही खिडक्यांभोवतीचं फ्लॅशिंग नव्याने करूनच.

कंत्राटदाराशी बोलताना

न्यू जर्सीत २०१८ पासून एक-दोन कुटुंबांच्या घराचं साइडिंग बदलायला सहसा परमिट लागत नाही, ते साध्या देखभालीत धरतात. तुमच्या टाउनशिपला एकदा विचारून घ्या. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा दुसरा अर्थ असा की भिंत झाकण्याआधी ती पाहायला कोणीही इन्स्पेक्टर येत नाही. पाहणारे तुम्हीच.

म्हणून विक्रेता टेबलावर रंगांचं पुस्तक उघडतो तेव्हा ते बंद करा आणि हे विचारा: जुनं पूर्ण काढणार का? हाउसरॅप नवं लावणार का? खिडक्यांना डोक्यावर आणि खालच्या कोपऱ्यांत काय लावणार? किकआउट किती ठिकाणी? कुजलेलं शीदिंग निघालं तर दर शीटमागे किती? हा शेवटचा दर आधी ठरवून घेतला नाही तर भिंत उघडी असताना, आभाळ भरून आलेलं असताना ठरवावा लागतो, आणि तेव्हा घासाघीस होत नाही. सगळं करारात लिहून घ्या. पाचशे डॉलरवरचा करार इथे लेखी असावाच लागतो, आणि कंत्राटदाराचा राज्याचा नोंदणी क्रमांक, १३ व्हीएच ने सुरू होणारा, त्यावर हवा. शेवटच्या हप्त्याची अट: प्रत्येक खिडकीचा, झाकण्याआधीचा फोटो.

फायबर सिमेंट (सिमेंट आणि तंतूंच्या पट्ट्या) घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. माल उत्तम आहे, आगीला आणि उन्हाला व्हिनाइलपेक्षा खमका. पण मागचं फ्लॅशिंग तसंच लागतं, आणि जमिनीपासून सहा इंच, छपरापासून एक-दोन इंच वर ठेवावं लागतं, नाहीतर ते खालून पाणी ओढतं. पैसे मर्यादित असतील तर मी साधं व्हिनाइल आणि चोख फ्लॅशिंग घेईन. महाग पट्ट्या आणि "खिडक्या आहेत तशा" असा करार कधीच नाही.

काम संपलं की आतला ड्रायवॉल लगेच बंद करू नका. होजची परीक्षा पुन्हा घ्या, त्याच क्रमाने, आणि कंत्राटदार समोर असताना. मग मीटरचा आकडा १५ च्या खाली येऊन तिथेच टिकेपर्यंत भिंत उघडी राहू द्या. हिवाळ्यात हीटिंग चालू असताना लवकर वाळते, दमट ऑगस्टमध्ये वेळ लागतो. रंग त्यानंतर. आणि उरलेल्या चार-सहा पट्ट्या कंत्राटदाराला परत नेऊ देऊ नका. गॅरेजमध्ये सपाट, आडव्या ठेवा, वर कंपनीचं नाव, नक्षी आणि रंग मार्करने लिहून. दहा वर्षांनी चेंडू लागून एखादी फुटेल तेव्हा तो रंग दुकानात मिळणार नाही.